झुंबरची चार आवर्तनं

झुंबर गांगुर्डे पाटबंधारे खात्यात कारकून होता, पण हे त्याला साहेबाने हाक मारल्यावरच आठवायचं. एरवी त्याची बोटं टेबलाच्या कडेवर क्लॅरिनेटच्या कळा दाबत असायची. नाशिकला शरणपूरच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या साळवे मास्तरांनी त्याला अकरा वर्षं फुकट शिकवलं होतं. १९८३च्या डिसेंबरात त्याच मास्तरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं: सतार, तबला, दहा व्हायोलिनं आणि त्यांच्या जोडीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम. राग किरवाणी आणि जॅझ, एकाच मंचावर! जॅझ म्हणजे काय, हे गावात शंभर जणांनाही ठाऊक नसेल. तिकिटं मात्र चार दिवसांत संपली. न कळणाऱ्या गोष्टीचं नाशिककराला भारी कुतूहल.

झुंबरला काळजी होती ती एकाच श्रोत्याची. त्याचे वडील धोंडीराम सायखेड्याला राहायचे. एके काळी त्यांची हलगी पंचक्रोशीत गाजलेली. पण वाजवायची कुठे, तर गावातल्या बड्यांच्या दारात, उन्हात, उभ्याने. खाली बस म्हणायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. छप्पन साली धम्म घेतला त्याच आठवड्यात धोंडीरामांनी हलगी गोदावरीत सोडली आणि घरात सांगून टाकलं, "यापुढं माझ्या घरातलं माणूस दुसऱ्यापुढं उभं राहून वाजवणार नाय." झुंबर क्लॅरिनेट शिकला, पण म्हाताऱ्याने ती एकदाही ऐकली नव्हती. या खेपेला झुंबरने गावी जाऊन शब्द दिला, "आबा, कोट घालून, खुर्चीवर बसून वाजवायचंय." तेव्हा कुठे म्हातारा यायला कबूल झाला.

आणि आदल्या दिवशीच्या तालमीत मास्तर म्हणाले, "जॅझमध्ये ज्याची पाळी येते तो उठतो. झुंबर, तालाची चार आवर्तनं तुझी. उठून वाजवायचं. लिहिलेलं काही नाही, सुचेल ते."

"मास्तर, बसून वाजवलं तर?"

"तर तो तुकडा सॅक्सोफोनला देतो."

मास्तरांना कारण ठाऊक नव्हतं, आणि झुंबरच्या तोंडून ते बाहेर पडेना. घरी त्याची बायको चांगुणा म्हणाली, "आबांना सांगून टाका ना आधी."

"सांगितलं तर ते यायचेच नाहीत."

"मग उठू नका."

"मग अकरा वर्षं कशाला फुंकत बसलो?"

चांगुणाने त्याच्या कोटाला इस्त्री करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. धोंडीराम नवी पांढरी टोपी घालून तिसऱ्या रांगेत बसले, शेजारी चांगुणा. सतारीने किरवाणी उलगडली, मागून व्हायोलिनं हलकेच आली, आणि अचानक ड्रमने असा काही ठेका धरला की पहिल्या रांगेतल्या पेन्शनरांचे पाय हलायला लागले. ट्रम्पेटवाला उठला, खणखणीत वाजवून बसला. सॅक्सोफोनवाला उठला. टाळ्या काय, शिट्ट्या काय! झुंबरने क्लॅरिनेट ओठांना लावली. मास्तरांनी त्याच्याकडे बोट केलं.

तो उठला नाही. पहिलं आवर्तन त्याने खुर्चीवरच वाजवलं, कुणी गळा धरल्यासारखं. मास्तरांनी डोळे वटारले. तेवढ्यात तबलजीने एक तिहाई अशी फेकली की समेवर झुंबरला पुढचं सुचलं, सगळं एकदम सुचलं, आणि ते बसल्या जागी मावेना. तो केव्हा उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. डोळे मिटलेले, क्लॅरिनेट छताकडे. ड्रमवाला हसत हसत ठेक्याने त्याच्या मागे धावत होता. चार आवर्तनं संपली तर मास्तरांनी बोटांनी आणखी चार दाखवली. अरे, काय वाजवलं त्या दिवशी पठ्ठ्याने! ज्यांनी ऐकलं त्यांना विचारा.

टाळ्यांच्या कडकडाटात त्याने डोळे उघडले. तिसऱ्या रांगेत आबा उभे होते. चालले, त्याला वाटलं. संपलं सगळं. मागची माणसं ओरडत होती, "ओ बाबा, खाली बसा की!" पण म्हातारा कुठेच चालला नव्हता. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर त्याची दहाही बोटं ठेका देत होती.

कार्यक्रम संपताच झुंबर धावत खाली आला. "आबा, शब्द मोडला माझ्याकडून. बसवेना मला."

धोंडीरामांनी त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली. "आमाला उभं करायचे रे," ते म्हणाले. "तू तुझा उठला." टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं, खाकरले, आणि मग एकदम जुन्या वाजवणाऱ्याच्या रुबाबात म्हणाले, "पर पयलं बसून वाजवलं ना, ते लय मिळमिळीत झालं. पुढल्या बारीला पयल्यापासून उभा ऱ्हा."