दार लावायचं राहिलं

ती घटना मी विसरले नव्हतेच. पण गेल्या रविवारी एका सिनेमाने मला तिचा न कळलेला भाग दाखवला.

हा सिनेमा मी पोलीस खात्यात नोकरीत असताना बुलढाण्याला थिएटरात पाहिला होता आणि तो मला फार आवडला होता. पोलिसांच्या सिनेमात गाड्या उडतात, टेबलावर काठी आपटली जाते. यात तसलं काही नाही. एक खून, एक लहान गाव आणि इस्त्रीच्या सुती शर्टातला एक अधिकारी. पिस्तूल एकदाच दिसतं, तेही कपाटात ठेवताना. चौकशीच्या प्रसंगाला संगीतसुद्धा नाही, नुसता पंख्याचा आवाज. अधिकारी संशयितासमोर बसून संत्रं सोलतो आणि काहीच विचारत नाही. शेवटी समोरचा माणूस आपणहून बोलायला लागतो. ठाण्यातल्या आरडाओरड्याला कंटाळलेल्या मला वाटलं, काम असं करता आलं पाहिजे.

पंधरा दिवसांत संधी आली. तेव्हा मी मोताळ्याकडच्या एका ठाण्यात होते. जवळच्या गावातला एक वयस्कर शेतकरी तक्रार घेऊन आला. धाकट्या मुलाच्या लग्नासाठी केलेली सोन्याची पोत कपाटातून गेली होती. घर फोडलेलं नव्हतं, कुलूप शाबूत होतं, म्हणजे काम घरातल्याचंच. दुसऱ्या दिवशी शेजारणीने खबर दिली, "मोठ्या सुनेनं मागच्या दारातून ऑटोत पुडकं देलं. म्या सोता पाह्यलं."

ही मोठी सून गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. आया लेकरं तिच्या भरवशावर सोडून शेतात जात. त्या जागेवर टिकायचं तर नाव स्वच्छ हवं.

बाईची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची असते. पहिल्या दिवशी मी नियम पाळला. ओसरीवर बसले, पुडक्याचं विचारलं आणि गप्प झाले. अगदी सिनेमातल्यासारखी. सून पदर पुढे ओढून जमिनीकडे पाहत बसली. दारात तिचा सासरा खुर्ची टाकून बसला होता. अर्धा तास गेला. ती हूं की चूं नाही.

"पाहा मॅडम," सासरा म्हणाला, "तोंडच नाही उघडून राह्यली. काही केलं नसतं तं बोलली नसती काय?"

मलाही तेच वाटलं. निर्दोष माणूस इतका वेळ गप्प बसत नाही, असा माझा अनुभव होता. त्या अनुभवात बहुतेक पुरुषच होते, हे मी लक्षात घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी नियम मोडून मी तिला ठाण्यात बोलावलं. तो आठवडी बाजाराचा दिवस होता. ठाण्याच्या व्हरांड्यातलं बाकडं बाजाराच्या रस्त्यावरून सरळ दिसतं. मी तिला तिथे बसवलं. घरचं माणूस सोबत असावं म्हणून सासऱ्यालाही शेजारी बसवलं आणि आपण सभ्यपणे वागतोय असं समजत राहिले. तासातासाने जाऊन समोर बसायचे, गप्प राहायचे, उठायचे. तिच्या गावच्या बाया पिशव्या घेऊन जाताना थांबून पाहत होत्या.

दुपारी आमची महिला हवालदार माझ्या टेबलाशी आली. वयाने माझ्यापेक्षा मोठी, इथलीच.

"मॅडम, त्या बुढ्याले काऊन बसवून ठेवलं तिच्याजवळ?"

"घरचं माणूस आहे. तिला आधार."

"आधार!" ती हसली. "सासऱ्यासमोर सून बोलते काय आमच्याकडं? तुमी संध्याकाळपर्यंत बसा, नाहीतं दिवाळीपर्यंत बसा."

तिने सुनेला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं, दार लावलं. मीही आत गेले. दोन मिनिटांत सून बोलली.

"पुडकं म्याच देलं, मॅडम. आत्याबाईनं, माह्या सासूनं, द्यायले लावलं. ऑटोत ननंद होती. तिच्या लग्नात तिले काही घातलं नव्हतं, ते आत्याबाईच्या मनात होतं. मामंजीसमोर हे कसं सांगू? आत्याबाईले त्यायनं घराबाहेर काढलं असतं."

"मग मला एकटीला सांगायचं!"

"तुमी एकट्या कवा भेटल्या?"



सासूने कबूल केलं, पोत परत आली, सासऱ्याने तक्रार मागे घेतली. कागदावर 'गैरसमजातून' एवढा एक शब्द आला. बाकड्यावरचा दिवस कुठल्याच कागदावर आला नाही. पण गावाने तो पाहिला होता. पोलिसांनी बसवून ठेवलेल्या बाईजवळ लेकरं सोडायला आया तयार होईनात. महिनाभरात तिची जागा दुसरीला गेली. मी गावात जाऊन चार लोकांसमोर खरं सांगितलं असतं, तर कदाचित फरक पडला असता. मी गेले नाही. बंदोबस्त होता, दुसरे तपास होते. कारणं सगळी खरी होती. जायला तोंड नव्हतं, हे त्यांच्यापेक्षा जास्त खरं होतं.

रविवारी तोच सिनेमा घरी टीव्हीवर लागला. संत्र्याचा प्रसंग आला आणि मी सरसावून बसले. संत्रं हातात घेण्याआधी तो अधिकारी संशयिताच्या थोरल्या भावाला म्हणतो, "आपण बाहेर थांबा." मग उठून दार लावतो. पडद्यावर हे जेमतेम चार सेकंद दिसतं, कोणी त्याचा गाजावाजा करत नाही. दिग्दर्शकाची खरी हुशारी तिथेच आहे. थिएटरात माझ्या डोळ्यांत फक्त संत्रं भरलं होतं.

समोरचा का गप्प आहे, हे ठरवण्याआधी खोलीत आणखी कोण बसलंय ते पाहावं. ठाण्यात पहिल्याच महिन्यात शिकायची ही गोष्ट मी निवृत्तीनंतर सिनेमातून शिकले.

ती सून नंतर एकदा मेहकरच्या बसस्थानकावर दिसली होती. मी साध्या साडीत होते. ती मैत्रिणीशी मोठ्याने हसत बोलत होती. माझ्याकडे लक्ष जाताच तिने पदर पुढे ओढला, जमिनीकडे पाहिलं आणि गप्प झाली. सासऱ्यासमोर बसायची, अगदी तशी.