द्वारकाबाई असं म्हणाल्या नव्हत्या

द्वारकाबाईंना काहीही विचारलं की त्या आधी स्वतःचे दोन्ही तळहात उघडून बघायच्या, जणू उत्तर तिथं लिहून ठेवलंय. मग बोलायच्या, आणि पाहिलं असेल तेवढंच बोलायच्या. पहिल्या भेटीत मी रीतीप्रमाणे विचारलं, "काय बाई, बऱ्या आहात ना?"

त्यांनी तळहात पाहिले. "कवाचं सांगू साहेब? सकाळचं का आत्ताचं?"

बाजूच्या बाया खदखदून हसल्या. मला वाटलं, आपली थट्टा चाललीय. पण सकाळी त्यांच्या अंगात ताप होता आणि दुपारपर्यंत उतरला होता. माझ्या प्रश्नात वेळ नव्हती, म्हणून त्यांनी ती विचारली होती, एवढंच.

या बाईबद्दल मी दोनदा खोटं बोललो. एकदा छापून आणि एकदा तोंडानं. ते सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल काही लिहिण्याचा मला हक्क नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. बाकीचं आता क्रमानं.

आमची मसाल्यांची कंपनी नागपूरच्या इतवारीतल्या एका दुकानातून वाढलेली. कारखाना शहराबाहेर, आणि मिरचीची शेड भिवापूरच्या अलीकडे. तिथं चाळीसेक बाया मांडी घालून दिवसभर लाल मिरचीचे देठ खुडत. द्वारकाबाई त्यांच्या मुकादमीण. उंचीनं ठेंगण्या, नऊवारी घट्ट खोचलेली, कपाळावरचा घाम पुसायचा तो नेहमी कोपराच्या वरच्या बाजूनं. ही सवय तिथं सगळ्याच बायांना होती, पण द्वारकाबाई घरीसुद्धा, सुटीच्या दिवशीसुद्धा दार कोपरानं लोटायच्या. बोटं त्यांच्या लेखी दिवसभर कामावरच असायची.

मी कार्मिक विभागात होतो. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. तेवढ्यात मोठमोठे खरेदीदार कंपनीकडे दरवर्षी एक अहवाल मागू लागले. पाणी किती वापरता, वेष्टणांचा कचरा कुठं जातो, कामगारांसाठी काय करता, हे सगळं त्यात लिहायचं. ऑफिसातल्या निरोपसमारंभांची भाषणं मीच लिहून द्यायचो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. निरोपाच्या भाषणात माणूस जसा नसतो तसा लिहायची मला सवय होती. ती सवय इथं नडली.

पहिल्या दिवशी शेडमध्ये शिरलो तो ठसक्यानं दुमडलोच. बायांपैकी कुणीही खोकत नव्हतं. "हा ठसका पाहुन्याले लागते," द्वारकाबाई म्हणाल्या. "दोन हप्ते बसा, मंग नाही लागनार." मी साहेबी थाटात एक मिरची उचलली, देठ मोडला आणि पाच मिनिटांत विसरून डोळा चोळला. पुढचं मला धड दिसलं नाही. पाण्याच्या पिंपाकडे धावलो तर मागून आवाज आला, "पानी नोको लावू गा! ओ साहेब! पान्यानं आग उठते!" साहेब हा शब्द त्यांना जरा उशिरा आठवला.

त्यांनी मला खाली बसवलं, माझ्या बोटांना जवसाचं तेल चोळलं, मग घरून आणलेल्या ताकानं धुतलं, मग पाण्यानं. डोळ्यावर ताकात बुडवलेला पदर ठेवला. "आधी तेल, मंग ताक, मंग पानी. आमच्या इथं पोरीले हेच पयले शिकवतो, देठ खुडनं मंग." प्रत्येक बाईच्या पिशवीत तेलाची छोटी बाटली आणि ताकाची बरणी होती. दोन्ही घरची. शेडमध्ये नळ नव्हता, एक पिंप होतं आणि ते दुपारपर्यंत आटायचं.

त्याच वर्षी कंपनीनं रबरी हातमोजे वाटले. खोकी शेडमध्ये पोचली तेव्हा सुनंदा नावाची तरणी बाई म्हणाली, "मावशी, हे घालून देठ सापडते काय?" द्वारकाबाई म्हणाल्या, "घालून पाह्यल्याबिगर नाव ठेवाचं नाही." सकाळी घातले, संध्याकाळी काढले. मी तिथंच होतो. काढताना आतून घाम ओघळला, लालसर. मिरचीची भुकटी मनगटातून आत गेली होती आणि दिवसभर घामात भिजत बसली होती. हात उकडल्यासारखे झाले होते. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि मला म्हणाल्या, "लिहून घ्या. मोजे नोको. एक नळ पाहिजे, अन् तेलाचा एक पिपा. अन् वरतून चार पत्रे काढून हवा जायाले जागा."

मी डायरीत लिहून घेतलं. ती डायरी अजून माझ्याकडे आहे.

अहवालात हातमोज्यांना एक अख्खं पान होतं. नागपूरहून फोटोग्राफर आला. द्वारकाबाईंनी नवे मोजे चढवले, फोटो काढून दिला. परवानगीच्या कागदावर सही करताना त्यांनी विचारलं, "याच्यात कायची सही हाये?"

"फोटो छापायची."

"फोटोचीच ना?"

"फोटोचीच, बाई."

फोटोखाली एक चौकट होती, 'लाभार्थीचे मनोगत'. ती रिकामी ठेवायची नसे. मी डायरीतलं तसंच लिहून नेलं. आमच्या संचालकांना सगळे भैयाजी म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी वाचलं आणि हसले. "भाऊसाहेब, ये तो कंप्लेंट है. मनोगत कसं पाहिजे, वाचून मन भरून आलं पाहिजे. तुम्ही तर भाषणं लिहिता, तुम्हाला काय सांगायचं."

मला खरंच काही सांगावं लागलं नाही. मी माझ्या टेबलाशी आलो. द्वारकाबाईंच्या घरी एकदा चहाला गेलो होतो, तेव्हा पाहिलं होतं की लहानगा नातू पुढ्यात आला तरी त्या त्याला कोपरानंच जवळ ओढायच्या. कामाच्या दिवसांत गालाला बोट लावायच्या नाहीत. ते आठवलं, आणि मी लिहिलं: "या हातमोज्यांनी माझे हात मला परत मिळाले. आता घरी गेल्यावर नातवाच्या गालावरून निर्धास्त हात फिरवते." खाली त्यांचं नाव.

भैयाजींचं मन भरून आलं. वाईट याचं वाटतं की लिहिताना माझंही आलं होतं.

त्या पानाचा मोठा कापडी फलक करून शेडच्या दारावर लावला गेला. सुनंदा दहावी झालेली, तिनं तो सगळ्यांना वाचून दाखवला. आठवड्याभरानं द्वारकाबाई एसटीनं नागपूरला आल्या. ऑफिसात माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. कापडी पिशवीतून गुंडाळलेला फलक काढला. दारावरून उतरवूनच आणला होता.

"हे मी कवा म्हटलं?"

"बाई, अशी पद्धत असते. तुमच्या वतीनं कुणीतरी लिहितं."

"फोटोले सही देली होती. बोलन्याले नाही देली." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "बाया म्हनतात, काहून वं मावशी, नातवाचे गाल चोळून राहिली म्हने आजकाल! हासतात, हासू द्या. पन माही सून पोरगं माह्याजोळ द्याले भेते आता. तिले वाटते, बुढी खरंच हात लावत असन."

मी म्हटलं, "पुढच्या अहवालात तुमचं खरं बोलणं छापतो. शब्द देतो."

"मंग आत्ताच लिहून घ्या."

त्यांनी सांगितलं, मी डायरीत लिहिलं. झाल्यावर म्हणाल्या, "वाचा." मी वाचलं. एका जागी त्यांनी हात वर केला. "'हात खूप भाजले' हे कोन म्हटलं? मी एकच दिवस घातले. एक दिवस लिहा." मी 'खूप' खोडलं. "आता पुन्हा वाचा." दोनदा वाचून घेतल्यावर त्यांनी फलक पिशवीत परत टाकला. चहा घेतला नाही. बस चुकेल म्हणाल्या.

पुढच्या अहवालाआधी एका मोठ्या खरेदीदाराची पाहणी ठरली. त्यांच्याकडून एक बाई आल्या, अहवाल हातात घेऊनच; भैयाजी आणि मी बरोबर होतो. शेडमध्ये त्यांनी एकेकीला विचारलं. सुनंदा बोलून गेली, "मॅडम, मोज्यानं हात भाजते. आमाले नळ पाहिजे." शेडचा व्यवस्थापक पुढं झाला आणि त्यानं अहवालातलं ते पान उघडलं. "यांची मुकादमीणच काय म्हणते बघा."

पाहुण्या बाईंनी द्वारकाबाईंना विचारलं, "हे तुमचं म्हणणं आहे?"

द्वारकाबाईंनी तळहात पाहिले. "हे मी म्हटलं नाही."

पाहुण्या बाई माझ्याकडे वळल्या. भैयाजीही माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मला पुष्कळ काही बोलता आलं असतं. ती वाक्यं मी नंतर इतक्या वेळा जुळवली आहेत की आता ती पाठ आहेत. मी बोललो ते असं: "म्हणाल्या होत्या. वय झालंय, आठवत नसेल त्यांना."

शेडमधलं खुडणं थांबलं. द्वारकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. एखाद्याचा चेहरा ओळखीचा वाटावा पण नाव लागू नये, तसं. मग म्हणाल्या, "मले आठवते," आणि खाली बसून देठ खुडू लागल्या. पाहुण्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते मला माहीत नाही. नळाचा विषय तिथंच संपला.

त्यानंतर एक बारीक गोष्ट घडू लागली. आज किती बाया आल्या, हे रोज सकाळी द्वारकाबाई सांगायच्या आणि व्यवस्थापक लिहून घ्यायचा. वर्षानुवर्षं तसं चाललं होतं. आता त्यांनी आकडा सांगितला की तो स्वतः रांगेतून फिरून पुन्हा डोकी मोजायचा. "वय झालं मावशीचं," असं म्हणायचा, माझेच शब्द. आकडा एकदाही चुकला नाही. हंगाम संपला आणि पुढच्या हंगामाला द्वारकाबाई आल्या नाहीत. कुणी काढलं नव्हतं. सुनंदाला म्हणाल्या होत्या, "जिथं माह्या मोजन्यामागं दुसरा मोजते, तिथं मी काय करून राहिली?"

पुढच्या अहवालात त्यांचं खरं बोलणं छापायचं होतं. छापलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग मी निवृत्त झालो. माझ्या निरोपसमारंभात भैयाजी म्हणाले की यांच्या लेखणीत माणसाचं मन ओळखायची ताकद आहे. टाळ्या झाल्या.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात मला आता एका जागी बसवत नाही. सकाळी गच्चीवर फेऱ्या, दुपारी व्हरांड्यात. बायको म्हणते, "अहो, टेका की जरा. कुणाची वाट बघताय?" वाट कुणाचीच नाही. डायरी काढतो, वाचतो, ठेवून देतो, थोड्या वेळानं पुन्हा काढतो. भिवापूरची बस धरायला उठायचं आणि बूट घालून परत बसायचं, हे किती वेळा केलं ते आता सांगवत नाही. द्वारकाबाईंनी विचारलं असतं, किती वेळा? आणि मला नक्की आकडा देता आला नसता.

गेल्या महिन्यात अखेर गेलो. आधी त्यांच्या घरी. नातू आता माझ्याहून उंच झालाय. त्यानंच दार उघडलं आणि सांगितलं की आजी मागच्या उन्हाळ्यात गेली. शेवटी कशा होत्या, काय म्हणाल्या, हे त्याची आई सांगू लागली. पण ते मी पाहिलेलं नाही, म्हणून इथं लिहीत नाही. निघताना मी विचारलं, माझ्याबद्दल कधी काही बोलल्या का? सूनबाईंनी जरा आठवलं. "नाही," म्हणाल्या.

तिथून शेडवर गेलो. सुनंदा आता मुकादमीण आहे. दाराशी नळ दिसला. "हा कवा आला?" मी नकळत त्यांच्यासारखं विचारलं. "तुमी गेल्यावर दोन वर्सानं," ती म्हणाली. तेल अजून बाया घरूनच आणतात. छताचे पत्रे तसेच.

मी आत गेलो आणि ठसका लागला. दोन हप्ते कधी बसलोच नव्हतो. सुनंदानं पाण्याचा पेला दिला. मी म्हटलं, "बाई, मला एक वाचून दाखवायचंय. सगळ्यांना." काही बाया नव्या होत्या, त्या एकमेकींकडे बघू लागल्या. सुनंदा म्हणाली, "वाचा, हात चालू राहू द्या वं सगळ्या." मी उभ्यानं डायरी उघडली.

"मी द्वारकाबाई. मोजे एक दिवस घातले. आतून घाम आला अन् हात भाजले. दुसऱ्या दिवशी घातले नाही. मले नळ पाहिजे, तेलाचा पिपा पाहिजे, अन् वरतून हवा. नातवाच्या गालाले मी हात लावत नाही. हे मी सांगतलं अन् साहेबानं लिहून घेतलं."

वाचून झालं. मग म्हटलं की त्या पाहणीच्या दिवशी मावशी खरं बोलली होती आणि मी खोटं. मिरच्यांची सळसळ चालू होती.

सुनंदा म्हणाली, "अजून एकडाव वाचा. मावशी दोनदा वाचाले लावे."

मी पुन्हा वाचलं. यावेळी मध्येच खोकलो आणि ते वाक्य पहिल्यापासून घेतलं.

"हे छापून येईल," मी डायरी मिटत म्हणालो. "मी लिहायला घेतलंय."

सुनंदानं हातातली मिरची बाजूला ठेवली. दोन्ही तळहात उघडून पाहिले. ही सवय तिला कधी लागली, मला माहीत नाही.

"आलं म्हंजे घेऊन या," ती म्हणाली. "मंग पाहू."