मोकळा वाफा

आपला निरोपाचा सत्कार ठरल्याचं कळलं, तेव्हा झारीमावशीची झारी नळाखाली भरून वाहत राहिली.

बाग म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. बंद पडलेल्या गोदामामागचा, तारेच्या कुंपणातला जमिनीचा तुकडा. वस्तीतल्या लोकांनी तो साफ करून वाफे पाडले, तेव्हापासून मावशी तिथं होती. जन्मभर लोकांचे कपडे शिवून डोळे आणि गुडघे कामातून गेलेले, तरी रोज सकाळी झारी घेऊन हजर. कुणाचा वाफा सुकलेला दिसला की न विचारता पाणी घालायची आणि वर ऐकवायची, "झाडाला तहान तुमच्या सवडीनं लागत नाही हो!" नवरा गेल्यावर भाड्याच्या घरात बोलायला शिलाई मशीन तेवढं उरलं होतं. बागेत निदान भांडायला तरी माणसं मिळायची.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, उंच इमारतीत राहायचा. तिथल्या खिडकीतून समोरच्या खिडक्याच दिसत. तो "आई, आता माझ्याकडे चल" म्हणाला, की ती म्हणायची, "वाफा कुणाच्या गळ्यात घालू?" हे कारण वर्षानुवर्षं चाललं. मग एकदा ती बागेत पडली आणि मुलाचा धीर सुटला. तो बागेच्या सेक्रेटरीला, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तरांना जाऊन भेटला. म्हणाला, आईला आता झेपत नाही, वाफा सोडून ती माझ्याकडे राहायला येणार आहे, पण तुम्हाला सांगायचा तिला संकोच वाटतो. पोस्टमास्तर भला माणूस. भल्या माणसांना एकदा चांगलं करायची हुक्की आली, की त्यांना आवरणं कठीण. त्यांनी सत्काराचा दिवसही ठरवून टाकला.

मावशीनं नाही म्हणायचं, तर चारचौघांत पोटचा मुलगा खोटा पडणार. ते तिच्या जिवावर आलं. ती हसून हो म्हणाली आणि घरी येऊन मशीनवर डोकं टेकून रडली.

पण बागेचा एक नियम होता, मावशीनंच कधीकाळी भांडून करून घेतलेला. पीक उभं असलेला वाफा कुणाकडून काढून घ्यायचा नाही. मावशीचा वाफा तेव्हा नेमका रिकामा होता. तिनं रातोरात लसणाच्या पाकळ्या भिजत घातल्या, सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन लावल्या आणि पुढं रोज वाकून वाकून बघत राहिली. उगवा रे बाबांनो, लवकर उगवा. लसूण निघायला महिने लागतात. तोवर मुलाचं मन वळेल, पोस्टमास्तर विसरतील, काहीतरी होईल. सत्काराच्या आदल्या दिवशी हिरवी टोकं वर आली. मावशीला त्या रात्री झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून ती बागेत आली. खुर्च्या मांडल्या होत्या. नियम कसा सांगायचा, ते तिनं वाटेत घोकलं होतं. नमस्कार-चमत्कार उरकून ती आधी वाफ्याकडे गेली.

वाफा स्वच्छ होता. माती भुसभुशीत करून, वरून दाताळं फिरवून, अगदी पाटासारखी सपाट केलेली.

"बघा मावशी!" पोस्टमास्तर मागून आले. "जाणाऱ्यानं वाफा मोकळा करून द्यायचा असतो. पण तुमचे गुडघे! म्हटलं, आपणच करून टाकू. कसले कसले कोंब आले होते, तेही मुळासकट काढले. आता हा आपल्या वस्तीतल्या नर्सबाईंना द्यायचा."

नर्सबाई पुढं झाल्या. "मी नीट सांभाळेन हं, मावशी."

मावशीच्या गळ्यात हार पडला. पोस्टमास्तर बोलत होते, लोक टाळ्या वाजवत होते. मावशी खुर्चीतून उठली, वाफ्याशी गेली, साडीसकट मातीत बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागली. मातीच्या पाया पडतेय असं वाटून पुढच्या रांगेतल्या कुणीतरी फोटो काढला. मग ती कोपरापर्यंत हात खुपसायला लागली, तेव्हा टाळ्या थांबल्या.

मुलगा धावत आला. "आई, काय करतेस? ऊठ."

"मला नाही जायचं रे." ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मला काही झेपत नाही असं नाही. मी पडेन, धडपडेन, पण मला इथं राहू दे. तिकडं मी मरून जाईन. घरी चल, आपण बोलू. माझ्या घरी चल."

नर्सबाईंनी तोंडावर हात ठेवला. पोस्टमास्तर हातातली शाल घेऊन तसेच उभे राहिले.

मुलगा तिच्या शेजारी मातीत बसला. त्यानं तिचे मातीनं भरलेले हात धरले.

"आई," तो म्हणाला, "तू निघालीस तशी तुझी सून तुझ्या घरी गेली. तुला दगदग नको म्हणून सामान हलवलं गं आम्ही. मशीनसुद्धा गेलं. मघाशीच घरमालकाला चावी परत दिली."