चौथी घंटी

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त चुका शोधायला वाचले. कोण कुठे थापा मारतंय ते पकडायचं, एवढाच हेतू. आता स्वतःचा लिहितोय... तुम्हीही तसाच वाचा.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. नोकरी सांभाळून छोट्या, एकट्यादुकट्याने बनवलेल्या कोड्यांच्या व्हिडिओ गेम्सची मराठीत परीक्षणं लिहितो. मागच्या उन्हाळ्यात परदेशातल्या एका डेव्हलपरने त्याचा नवा गेम पाठवला. एक ओसाड टेकडी, दगडी झोपडी, बाहेर काठीला टांगलेल्या चार घंट्या. योग्य क्रमाने वाजवल्या की दार उघडतं. मी दोन दिवस अडकलो होतो.

रविवारी दुपारी आई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी एकेक घंटी वाजवून बघत होतो. तिचे हात थांबले.

"परत वाजीव."

वाजवल्या.

"ही म्होरक्याची," आई म्हणाली. "ही तांबडीची. ही काळीची. आन् ही फुटकी... लंगडीची. ती समद्यांच्या मागनं यायची. बापू थांबायचा तिच्यासाठी."

आईचं माहेर आटपाडीकडचं, धनगराचं; ही नावं त्यांच्या गळ्यात घंट्या बांधलेल्या मेंढरांची. बापू म्हणजे तिचे वडील. ते गेले तेव्हा मामाने निरोप तिसऱ्या दिवशी दिला. आईला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. सहा वर्षं तिने मामाचं नाव घेतलं नव्हतं.

तिने सांगितलेल्या क्रमाने मी वाजवल्या. दार उघडलं. आत चूल, घोंगडं, एवढंच. आई कितीतरी वेळ बघत राहिली, मग उठून आत गेली.

माझ्या डोक्यात लगेच शंका आली — सागर. मामाचा मुलगा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. आईचं मन मामाकडे वळवायला त्यानेच हे घडवलं असणार. जुनं रेकॉर्डिंग कुठून तरी मिळवलं असेल. मी तडक मामाला फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं.

मामाने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "मेंढरं इकली तवा सागर जन्मला बी नव्हता, गड्या. आन् त्या घंट्या बापूनं जपल्या व्हत्या. मीच त्याच्या उशाला ठिवून माती लोटली. कुनाला बोललो न्हाई."

"मग आईला का नाही कळवलंत वेळेत?"

"पाऊस लय व्हता. रस्ता बंद... व्हय, तरी चुकलंच माजं. तिला दे फोन."

मी दिला. दोघं तासभर बोलले. काय बोलले ते मी ऐकलं नाही.

तरी माझा संशय गेला नाही. मी डेव्हलपरला लिहिलं, या चार घंट्यांचे आवाज कुठून घेतले? उत्तर आलं: घरातल्या भांड्यांवर चमचा मारून. आणि घंट्या तीनच आहेत, चार नाहीत.

परीक्षणासाठी मी खेळ नेहमी रेकॉर्ड करतो. त्या दुपारचा व्हिडिओ उघडला. पडद्यावर तीन घंट्या. आईचा आवाज स्पष्ट आहे, एकेक नाव घेताना. शेवटी माझ्या माउसचा बाण तिसऱ्या घंटीच्या पुढे, रिकाम्या जागेवर जातो. क्लिक. फुटका आवाज येतो आणि दार उघडतं.

व्हिडिओ डेव्हलपरला पाठवला. त्याचं म्हणणं, मीच त्यात छेडछाड केली. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं.

आई परवा आटपाडीला गेली, मामा न्यायला आला होता. निघताना तिला विचारलं, "तुला यात काहीच विचित्र वाटत नाही?"

"मला उशीर झाला व्हता," ती म्हणाली. "बापू थांबला."

तिला तेवढं पुरतं. मला नाही. तो व्हिडिओ मी निदान पन्नासदा पाहिलाय, आणि चूक अजून सापडलेली नाही.