दोन पेल्यांतला फरक

माझ्या बापाला माझ्या कामाची लाज वाटायची. रायपूरच्या एका हॉटेलात मी बारमागे उभा राहतो, हे त्यानं भिलाईत कुणाला कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, पोरगा हॉटेल लाइनमध्ये आहे. तिथल्या स्टील प्लांटातून रिटायर झाल्यावर स्वतः मात्र रोज संध्याकाळी रमचे दोन पेग घ्यायचा. पिणारा इज्जतदार आणि वाढणारा हलका, हा न्याय मला आजही समजलेला नाही.

एका शनिवारी मी मुद्दाम एक बाटली घेऊन भिलाईला, रुआबांधा वस्तीतल्या आमच्या घरी गेलो. इटलीचा पांढरा व्हर्मूथ. म्हणजे वाइनच, पण कडू पाला, मुळ्या, फुलं, साली घालून मुरवलेली आणि थोडी गोड. बापानं एकदा माझ्या हातचं नीट वाढलेलं चाखावं आणि चांगलं आहे म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्याच्याकडून एवढंसुद्धा मागून घ्यावं लागतं, याचा संताप वेगळाच.

रविवारी जेवणाआधी बापाचे शिफ्टमधले एक जुने जोडीदार आले. त्यांना मी काका म्हणतो. बाटली रात्रभर फ्रीजमध्ये होती, पेलेही थंड केले होते. दोन बोटं व्हर्मूथ, बर्फाचा एकच मोठा खडा, लिंबाच्या सालीची पट्टी पेल्यावर पिळून मग आत. मी सांगितलं, आधी नाकाजवळ धरा, घाई करू नका. काकांनी डोळे मिटून वास घेतला. म्हणाले, संत्र्याची साल आहे, बडीशेप आहे, आणि मागून दवणा येतो, चैत्रात देवाला वाहतो तो. मी चाट पडलो. आमच्याकडे येणाऱ्या सुटाबुटातल्या लोकांनाही एवढं सांगता येत नाही.

बापानं पेला नाकाशी नेलाच नाही. एका घोटात संपवला, गोड पाणी आहे म्हणाला आणि ठेचा मागितला.

हे त्याचं जुनंच. आईनं काहीही रांधलं तरी आधी वरून मीठ, मग ठेचा. कसं झालं, असं ती रोज विचारायची. तो म्हणायचा, ठीक. आई गेली तोवर त्या 'ठीक'च्या वर तिच्या वाट्याला काही आलं नाही. आता माझी पाळी, असं मला वाटलं आणि माझं डोकं फिरलं.

आत गेलो. साखरेच्या पाण्यात थोडी पांढरी रम घातली, त्यात बाप सकाळी घेतो त्या कडू चिरायत्याच्या काढ्याचे चार थेंब, वर बर्फ. त्याच्यासमोर पेला ठेवून म्हणालो, ही दुसरी बाटली, पहिलीहून भारी. काका बघत होते म्हणून असेल, या वेळी तो सावकाश प्यायला. म्हणाला, हे जरा बरं आहे.

मी मोठ्यानं हसलो. पेल्यात काय काय होतं ते काकांना मोजून सांगितलं आणि बापाकडे वळलो.

"गाढवाले गुळाची चव काय! तुमाले साखरपाणी समजत नाई, अन् माह्या कामाले नावं ठेवता."

काका हसले नाहीत. खाली मान घालून बसले. बापानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"मले वास येत नाई रे. सुपेल्याच्या चौकात स्कूटरवरून पडलो होतो, डोक्याले मार लागला, तवापासून. गोड, खारं, कडू, तिखट, एवढंच समजते. तुहे दोनी पेले मले सारखेच."

तो पडला तेव्हा मी पाचवीत होतो. डोक्याचे टाके आठवत होते, बाकी काही नाही. मी विचारलं, आईले माहीत होतं? नव्हतं.

"कावून नाई सांगतलं तिले?"

"ती एवढी जीव लावून रांधे. कोणत्या तोंडानं सांगू?"

मला दया यायला हवी होती. आली नाही. आपल्या हाताला चव नाही असं समजूनच आई गेली आणि हा तिच्यासमोर बसून रोज ठीक म्हणत राहिला. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. अपमान मी केला होता, तरी राग माझाच वाढत गेला.

मग त्यानं व्हर्मूथची बाटली हातात घेतली, उगाच फिरवून पाहिली आणि माझ्यापुढे सरकवली.

"तुले तर समजते ना. सांग, कसा वास हाय याचा?"

माझ्या कामाबद्दल त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं होतं. रायपूरला हेच मी रोज परक्या माणसांना हसून सांगतो, न कंटाळता.

"ठीक हाय," मी म्हणालो, आणि पेले उचलून धुवायला घेऊन गेलो.