बद्रीनाथच्या वाटेवर गाडीच्या तोंडाला धरलेला बर्फ

यंदा बद्रीनाथ करायचंच, हे ठरलं डॉक्टरांच्या एका वाक्यावर. आमच्या ह्यांना ते म्हणाले, "या वर्षी जाऊन या. पुढच्या वर्षी एवढ्या उंचावर सोडेन असं नाही." थंडीसाठी देवळाची दारं बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते.

सोलापूर ते दिल्ली रेल्वे, पुढे डेहराडूनपर्यंत बस. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असली की वाटेत जेवणाला पैसे घालावे लागत नाहीत. डेहराडूनहून भाचा राहुलची इलेक्ट्रिक गाडी.

जोशीमठला मुक्काम केला. तुम्ही लॉज घेताना भाड्याच्या आधी गाडी चार्ज करायला जाड पिनेचा प्लग आहे का, ते विचारा. आम्ही विचारलं होतं, पण लाईट गेली आणि गाडी अर्धीच चार्ज झाली. त्यात ह्यांनी गाडीला थंडी वाजू नये म्हणून आपली सोलापुरी चादर तिच्या तोंडावरून टाकून कडा खोचल्या. सकाळी ती दवाने भिजून, गोठून पापडासारखी कडक. ओढून काढली आणि निघालो.

थोडं वर गेलो तर आतला गरम वारा बंद, आणि पुढून वाफा.

"आरं राहुल, धूर निगालाय की. थांबीव."

"धूर नाही मामा, वाफ आहे. ही गाडी बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत देते. त्यात पुढची जाळी गारठते, बर्फ धरतो. तो वितळेपर्यंत आतली ऊब बंद. पण इतक्या लवकर कसा धरला?"

उतरून पाहिलं. हवा आत जायच्या फटींत चादरीचं पाणी तिच्या तुटलेल्या दशांसकट गोठून बसलं होतं. हवाच मिळेना, मग आत बर्फ धरणारच. राहुलने स्क्रू ड्रायव्हर काढला.

"ठेव तो," मी म्हटलं. "फ्रिजचा बर्फ सुरीनं खरवडून गॅस घालवलेल्या बायका आमच्या गल्लीत आहेत."

थर्मासमधल्या कढत पाण्यात गार पाणी घालून ते कोमट केलं आणि फटींवर सोडलं. बर्फ हातानेच सुटला. तरी राहुलचं तोंड उतरलेलं.

"मामी, चार्ज फार गेला. हीटर लावून वर गेलो तर परत यायला पुरणार नाही. मागे फिरू या."

"मग हीटर लावायचाच कशाला? सीट गरम होते ना? तिला किती लागतं?"

"अगदी थोडं."

"मग चल."

मागून हे म्हणाले, "तुज्या मामीनं घरात पंखा लावू दिला न्हाय कदी. हितं हीटर कुटला लावू देतीया."

तसेच शाली पांघरून बसलो आणि पोचलो. दर्शन झालं. परत उतरताना गाडी आपली आपण थोडी चार्ज होते, त्यामुळे जोशीमठ निवांत गाठलं. जाणार असाल तर गाडीचं तोंड झाकू नका, आणि वाफ दिसली तर घाबरू नका.

घरी आल्यावर शेजारच्या पद्माक्का प्रसाद घ्यायला आल्या. "एवढ्या लांब गेलात, देवाला काय मागितलं?"

मागायचं राहूनच गेलं, मी सांगितलं. रांगेत ह्यांचे हात गार पडले होते. ते चोळता चोळता मी देवासमोर आले, आणि तिथेही सोडले नाहीत.