बुजवलेलं बीळ

रविवार, ९ मार्च २०२५. भंडारा.
नळ सकाळी लवकर आला. पोळ्या आणि जवसाची चटणी बांधून घेतली. रुखमाबरोबर तुमसरमार्गे जुन्या कॉलनीत जाऊन आले. गोल्फच्या मैदानाची आता बाग झाली आहे. ऊन बरंच. रुखमा मंगळवारी भिलाईला जाणार.

करुणाताईंच्या रोजनिशीत त्या दिवसाचं एवढंच आहे, आणि शेवटी आणखी एक-दोन ओळी. बाकीचं सगळं बाहेर राहिलं.

सकाळी निघण्याआधी दोघींचं भांडण झालं, ते काठीवरून.

"बाई, हे कायले घेऊन राहिल्या? तिथं का शेंगा तोडाच्या हायेत?" रुखमा म्हणाली.

"गोल्फच्या बागेत चाललोय. गोल्फची काठी नको?"

"लोक हासतील जी."

"हसू देत. आपल्याला तिथं ओळखतंय कोण आता?"

ती काठी स्वयंपाकघराच्या दारामागे असायची. लोखंडाची, खाली वाकडं डोकं, मुठीचं कातडं कधीच गळून पडलेलं, तिथं रुखमाने सुतळी गुंडाळलेली. करुणाताईंच्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, खाणीत नोकरीला असताना ती बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून जुनी विकत घेतली होती. तिने चेंडू म्हणून कधी पाहिला नाही. तिने आयुष्यभर शेवग्याच्या शेंगा काढल्या, माकडं हाकलली, आणि एकदा कपाटाखालून मांजराची पिल्लं ओढली. गोपाळराव हयात असेपर्यंत गमतीने म्हणत, "घरात गोल्फ खेळतात ते फक्त शेवग्याशी."

ते गेले त्या आठवड्यात रुखमा खाणीच्या कॉलनीतून आली होती. तिचा नवरा तुलाराम त्याआधीच गेला होता. "चार दिवस ऱ्हायते," म्हणाली आणि मागच्या खोलीत राहिली, ती राहिलीच. तिला कोणी बोलावलं नव्हतं, राहा म्हणून कोणी सांगितलंही नव्हतं. आता तिच्या मुलाने, श्रावणने, भिलाईला दोन खोल्या बांधल्या होत्या. सून शाळेत नोकरीला लागली होती. घरात लहान नात होती. श्रावणचा फोन आला आणि रुखमाची पेटी पलंगाखालून बाहेर आली.

करुणाताईंना तिला एवढंच म्हणायचं होतं: जाऊ नकोस. आठवडाभर त्या ते उद्यावर ढकलत होत्या. घरात रुखमाच्या हातात सदा काहीतरी असे, सूप, नाहीतर झाडू, नाहीतर निवडायचे तांदूळ. अशा बाईला काही सांगायचं म्हणजे तिच्या हाताशी बोलल्यासारखं व्हायचं. बागेत ती रिकामी बसेल. तिथं सांगू, असं त्यांनी ठरवलं. बागेचा बेत खरा त्यासाठीच होता.

एसटीत काठी खिडकीशी उभी राहिली. कंडक्टर पोरगी हसरी होती. तिने काठीकडे पाहिलं.

"आजी, या तिसऱ्या बाईचं तिकीट?"

"लेडीजच हाय, अर्धंच फाड," रुखमा म्हणाली, आणि पुढच्या बाकावरचे दोघं वळून हसले. करुणाताईंनी तिला कोपराने ढोसलं. लोक हसतील म्हणून सकाळी कटकट करणारी हीच ना?

तुमसरला उतरून ऑटो केला. चिखल्याच्या खाणीच्या बाजूची टेकडी दिसायला लागली तशी रुखमा ऑटोतून अर्धी बाहेर झुकली. काळपट लाल माती, मॅंगनीजचे ढिगारे, आणि त्यांच्या मधे ते मैदान. लग्न करून करुणाताई इथं आल्या तेव्हा त्या नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून थेट आल्यासारख्याच होत्या. पायात पांढरे मोजे, आणि या मातीत पहिल्याच दिवशी ते कायमचे तांबडे झाले. गोपाळराव खाणीत सर्व्हेअर. साहेब लोक रविवारी गोल्फ खेळत. गवत पावसाळ्यापुरतंच उगवायचं, म्हणून जिथं चेंडू शेवटी भोकात घालायचा तिथं हिरवळीऐवजी रेतीचं गोल अंगण केलेलं असे. रेती उडू नये म्हणून तिच्यावर इंजिनचं जळकं तेल ओतून रूळ फिरवायचे. त्या काळ्या गोलाच्या मधोमध ते भोक आणि त्यात एक झेंडा.

रुखमा तिथं रोजीवर झाडायला लागली, तेव्हा तिला मिसरूडही न फुटलेला नवरा आणि टोपलीत तान्हा श्रावण होता. टोपली ती मोहाच्या झाडाखाली ठेवायची आणि झाडत सुटायची. एका रविवारी दुसऱ्या खाणींचे साहेब सामन्याला येणार होते. मुकादम तिला आदल्या दिवशी सांगून गेला, "पाहुणे येऊन राहिले. सारं चकाचक पाहिजे."

रुखमाने चकाचक केलं. क्लबच्या व्हरांड्यासमोरचं शेवटचं अंगण तिला सगळ्यांत घाण दिसलं, तेलाने काळंकुट्ट. आणि मधे घुशीने केलेलं बीळ. पाहुण्यांच्या पायाशी बीळ! तिने ते गिट्टी आणि चिखल घालून ठोकून बुजवलं. वर शेणाने गोल सारवलं, कडेने रांगोळी काढली. झेंडा मात्र फेकला नाही. साहेबांची वस्तू, म्हणून कडेला नीट खोचून ठेवला.

सामना रंगला. शेवटच्या अंगणाशी दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. सगळे टोप्या सावरत तिथं पोचले, आणि भोक नाही. पाहुण्यांतल्या एका जाड्या साहेबाने चेंडू हातात घेऊन रांगोळीला प्रदक्षिणा घातली. मोठ्या साहेबांचा चेहरा तांबूस झाला.

"हे कोणी केलं? कोणी सांगितलं तिला?"

रुखमा शेणाच्या हातांनी उभी होती. टोपलीत श्रावण रडत होता. तिचं काम गेलंच म्हणून सगळे समजले. व्हरांड्यात बायकांच्या रांगेत चहाचा कप घेऊन बसलेल्या करुणाताई उठल्या आणि कॉन्व्हेंटच्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "मी सांगितलं तिला."

त्यांनी रुखमाला तोवर नीट पाहिलंही नव्हतं. का उठल्या, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. कदाचित रांगोळी फार सुबक होती म्हणून.

साहेब बाईमाणसावर रागवू शकले नाहीत. जाडे पाहुणे आधी हसले, मग सगळेच हसले. रुखमाचं काम टिकलं. गोपाळरावांचा खेळ मात्र राहिला. पुढच्या महिन्यापासून स्टाफमधल्या दोघांना खेळायला घ्यायचं ठरत होतं, त्यात त्यांचं नाव होतं. काठीही त्यांनी त्याच भरवशावर घेतली होती. ते नाव गळलं. तीन दिवस ते जेवताना मान खाली घालून बसले. चौथ्या दिवशी वरणभात कालवता कालवता म्हणाले, "रांगोळी मात्र छान होती हो." आणि काठी दारामागे गेली.

त्याच्या दुसऱ्याच सकाळी रुखमा क्वार्टरच्या अंगणात उभी. न सांगता झाडून झालं होतं.

"तुमी खोटं काहून बोलल्या?" तिने विचारलं.

"तू बीळ काहून बुजवलं?"

"मले वाटलं, घूस."

"मलाही तसंच काहीतरी वाटलं," करुणाताई म्हणाल्या. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या.

ऑटो फाटकाशी थांबला. मैदानाला आता कुंपण होतं, रंगीत कमान होती, पोरांचे झोके, घसरगुंड्या होत्या. जुन्या खाणीच्या खड्ड्यात पाणी साठलं होतं आणि त्यात पायडल मारायच्या बदकाच्या होड्या फिरत होत्या. क्लबच्या व्हरांड्यात कॅन्टीन आलं होतं. समोशाचा वास येत होता. मोहाचं झाड होतं तिथंच होतं, पानं गाळून बसलेलं.

"टोपली इथं ठेवत होती मी," रुखमा म्हणाली आणि खोडाला हात लावून पुढे गेली.

गोल्फ आता लहान झाला होता. हिरव्या गालिच्याच्या पट्ट्या, त्यांवर लाकडी पूल, फिरती पवनचक्की, किल्ल्याचा दरवाजा. तिकिटाच्या खिडकीशी दामिनी नावाची मुलगी बसली होती, टोपी उलटी घातलेली.

"आजी, बाहेरची स्टिक नाही चालत. गालिचा फाटते."

रुखमाने शिदोरीचं फडकं सोडलं, टरकन फाडलं आणि काठीच्या लोखंडी डोक्याला पोरीच्या वेणीसारखं घट्ट बांधलं.

"आता फाटते का? पाह्य बरं."

दामिनीने काठी हातात घेतली, वजन पाहिलं, हसली. "जा. पण एकच चेंडू देईन."

करुणाताईंनी सुरुवात केली. पुलावरून चेंडू खाली गेला, पवनचक्कीने तो परत पाठवला, किल्ल्याच्या भिंतीला तर तो इतक्या वेळा लागला की शेजारच्या लहान मुलीने तो उचलून दरवाजातून आत टाकून दिला. "आजी, मी नाही सांगणार," ती म्हणाली.

"तुमच्या साहेबायनं काठी दारामागं ठेवली, चांगलं केलं," रुखमा म्हणाली. "ते खेळले असते तं तुमी रोज इथं येऊन त्यायची फजिती केली असती."

शेवटची पट्टी व्हरांड्यासमोर होती. करुणाताईंनी काठी रुखमाला दिली आणि त्या कडेच्या खुर्चीत टेकल्या. रुखमाने ती बाजूला ठेवली, खाली उकिडवी बसली आणि तळहाताने गालिच्यावरची मोहाची पानं झाडायला लागली.

"आजी, राहू द्या ना, झाडायला माणूस आहे आमचा!" दामिनी ओरडली.

"हो व पोरी, मालूम हाय. मीच होती तो मानूस."

झाडून झालं तेव्हा तिने भोकात दोन बोटं घातली. "केवढंसं हाय वो बाई. याच्यासाठी एवढी बोंबाबोंब?"

मग उठली. काठी झाडूसारखी दोन्ही हातांनी धरली आणि सरळ, झाडल्यासारखाच, एक हात मारला. चेंडू सावकाश गेला, कडेने फिरला, थांबला असं वाटलं, आणि आत पडला. टप्प.

रुखमाने तोंडावर पदर घेतला आणि झटकन व्हरांड्याकडे पाहिलं, जणू आता तिथून कोणी ओरडणार. तिथं समोसे खाणारी माणसं होती. एकानेही मान वर केली नाही.

करुणाताई खुर्चीतून उठल्या, त्या रविवारसारख्याच, आणि व्हरांड्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "मी सांगितलं तिला!"

दोघी इतक्या हसल्या की रुखमाला खालीच बसावं लागलं. दामिनी खिडकीतून दोघींकडे बघत राहिली. मग तिने पाणी आणून दिलं.

डबा पाण्याकाठच्या बाकावर उघडला. रुखमाचे हात अखेर रिकामे होते. एक पोळी, तीही मांडीवर. बदकांच्या होड्या पुढून जात होत्या. हीच वेळ, असं करुणाताईंनी मनाशी म्हटलं. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते भलतंच.

"शेंगा कोण काढणार गं आता?"

रुखमाने घास गिळला.

"बांबूले आकडा बांधून घ्या."

"मला जमेल?"

"जमंल." तिने पाण्याकडे पाहिलं. "बाई, तुमी राहा म्हनाल तं मी राहीन. फोन करून श्रावनले नाई म्हनून टाकीन. पन म्हनू नका."

"का?"

"तो टोपलीत रडे आन मी साहेबायचं अंगन झाडत राहे. त्याच्यापाशी कधी बसनं झालं नाई. मोठा झाला तं तो गेला. आता त्याची पोरगी हाय तेवढीच." तिने मांडीवरचे कण झटकले. "तिच्यापाशी बसते थोडी."

करुणाताईंनी पोळीचा तुकडा मोडला. एकदा या मैदानावर त्या न विचारता उठून बोलल्या होत्या आणि ते सोपं गेलं होतं. आता सगळे शब्द तोंडात होते, ऐकणारी समोर बसली होती, ऐकलं तर राहणार होती. त्या चटणी वाढायला लागल्या.

"घे अजून. जवसाची भिलाईला मिळणार नाही अशी."

"मिळते. तिथं बी मानसंच ऱ्हातात."

"माझ्या हातची?"

"ते नाई मिळत," रुखमाने कबूल केलं.

परत निघताना फाटकाच्या पायऱ्यांवर रुखमाचा गुडघा अडला. तिने खांब धरला. करुणाताईंनी काठी उलटी केली, डोक्याकडची बाजू वर. फडकं बांधलेलं ते वाकडं डोकं रुखमाच्या तळहातात मुठीसारखं बरोबर बसलं.

"टेक यावर."

रुखमा एक पायरी उतरली, दुसरी उतरली. खाली पोचल्यावर काठी परत द्यायला लागली.

"राहू दे तुझ्याकडे. भिलाईला जिने असतील."

"आन शेंगा?"

"तूच म्हणालीस ना, बांबूला आकडा."

रुखमाने काठी उलटीपालटी करून पाहिली. "साहेब रागावतील."

"चौथ्या दिवशी बोलतील," करुणाताई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत कंडक्टर वेगळा होता. त्याने काठीकडे पाहिलंही नाही. रुखमा करुणाताईंच्या खांद्याला डोकं लावून भंडाऱ्यापर्यंत झोपली, एक हात काठीवर.

त्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर करुणाताईंनी रोजनिशी उघडली, वर आहे तेवढं लिहिलं, आणि थोडं थांबून खाली भर घातली: काठी रुखमाला दिली. शेवग्याला शेंगा भरपूर. बांबू मागच्या पडवीत आहे. आकड्यासाठी तार आणायची.